आकडा ८१५ चा, उष्णता साडेसहाशेची

इचलकरंजी परिसरातील प्रोसेस हाउसेसच्या (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या) बॉयलरसाठी येणाऱ्या कोळशातील राखेचे प्रमाण तपासण्याकरिता आम्ही एका विक्रेत्याकडून जुनी मफल भट्टी (नमुने तापवण्याची बंद विद्युत भट्टी) घेतली. त्याने ती समोर चालवून दाखवली, कंट्रोलरवर ८१५ अंश सेल्सिअसचा आकडा झपाट्याने आला आणि सोबत कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्रही मिळाले. भारतीय मानक १३५० च्या पहिल्या भागानुसार नमुना अर्ध्या तासात ५०० अंशांपर्यंत, पुढे अर्ध्या ते एक तासात ८१५ अंशांपर्यंत नेऊन तेथे तासभर ठेवायचा असतो, आणि त्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

तक्रार एका कोळसा व्यापाऱ्याची आली. आमच्या अहवालांत राख सतत जास्त भरत असल्याने त्याच्या बिलातून कपात होत होती. राख दिसायला स्वच्छ करडी होती आणि इतरांच्या कोळशाचे निकाल जुळत होते, त्यामुळे भट्टीवर संशय घेण्यास कारणच नव्हते. मात्र याच कोळशाची मूस पुन्हा तापवली की वजन आणखी घटत असे. त्यात कॅल्साइट (चुनखडीतले खनिज, कॅल्शियम कार्बोनेट) बरेच होते. उष्णता कमी पडली की त्यातील कार्बन डायऑक्साइड पूर्ण निघून जात नाही आणि राखेबरोबर तोही तोलला जातो.

साधे मीठ ८०१ अंशांना वितळते. सिलिकाच्या मुशीत चिमूटभर मीठ आत ठेवले, तर आकडा ८१५ वर स्थिर असूनही त्याचे कण जसेच्या तसे सुटे राहिले. दुसरे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) घालून पाहिल्यावर सुमारे दीडशे अंशांचा फरक निघाला. झिजलेल्या कॉइलना खरे तापमान गाठता येत नव्हते, म्हणून कंट्रोलरच्या पासवर्ड घातलेल्या मेनूत तेवढाच ऑफसेट, म्हणजे वाचनात आपोआप मिळवला जाणारा आकडा, भरून ठेवला होता. प्रमाणपत्र मात्र खोटे नव्हते, आणि खरी चलाखी तिथेच होती: ते थर्मोकपल सोडवून, त्याच्या जागी बाहेरून मिलिव्होल्टचा विद्युत संकेत देऊन तपासलेल्या एकट्या कंट्रोलरचे, तेही ऑफसेट भरण्यापूर्वीचे होते. भट्टीच्या पोकळीतील तापमानाचा त्यात उल्लेखही नव्हता.

विक्रेता आता बिलावरील ‘जशी आहे तशी’ या ओळीवर बोट ठेवतो. व्यापारी कामासाठी घेतलेल्या यंत्राला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांपुरताच त्याला अपवाद आहे. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी आपले थर्मोकपल आत घालून, ऑफसेट शून्य करून घेऊन भट्टी तासभर ८१५ अंशांवर चालवायला लावावी, आणि ते वाचन विक्रेत्याच्या सहीनिशी बिलावरच लिहून घ्यावे.