बिलावर तीन फिल्टर, गाडीत एकच जुना

सकाळी गाडी स्टार्ट केली की पहिले दोन-तीन सेकंद बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा आणि मग आपोआप थांबायचा. जून २०२४ मध्ये हे सुरू झालं. तोपर्यंत माझी पक्की समजूत होती की तेलाच्या बाबतीत माझ्या गाडीइतके लाड पुण्यात कुठल्याच गाडीचे होत नसतील. दर पाच हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलल्याची तीन बिलं माझ्या फाइलमध्ये नीट लावलेली होती.

गाडी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद २३० पीएस. दिसायला घरगुती सेडान, पण ताम्हिणी घाटात तिचा खरा स्वभाव कळतो. २०२१ मध्ये मी ती सेकंड हँड घेतली तेव्हा ३८ हजार किलोमीटर झाले होते. जानेवारी २०२२ ला ४१ हजारांवर अधिकृत सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंग केलं. गाडीचं नवं वेड होतं, म्हणून मी तिथे उभा राहून सगळं बघितलं, नव्या फिल्टरचा फोटोसुद्धा काढला. तो फोटो पुढे इतका कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

वॉरंटी संपली होती, म्हणून त्यानंतर मी एका खासगी गॅरेजकडे वळलो. 'युरोपियन गाड्यांचे स्पेशालिस्ट' अशी पाटी, आत चकचकीत फरशी, चार लिफ्ट. मालक बोलायला गोड. पहिल्याच भेटीत म्हणाले, "साहेब, कंपनीचे पंधरा हजार किलोमीटर विसरा. टर्बो इंजिन आहे, पाच हजारला तेल बदला. दोन लाखांपर्यंत इंजिनाला हात लावावा लागणार नाही."

त्यांचं हे बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच तर मी फसलो.

कंपनीच्या वेळापत्रकात १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं लिहिलेलं असतं. पण तेल किलोमीटरपेक्षा तासांनी थकतं. शहरात सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर १५ हजार किलोमीटरसाठी इंजिन ७५० तास चालतं. एक्स्प्रेसवेवर सरासरी ७५ मिळाली तर तेवढ्याच अंतराला २०० तास पुरतात. शिवाय या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून तेलात उतरतं. लांबचा प्रवास झाला, तेल चांगलं तापलं की ते उडून जातं. घर ते ऑफिस आठ किलोमीटर, त्यात सिग्नलच सिग्नल, असं असेल तर ते तेलातच राहतं आणि तेल पातळ होत जातं. टर्बोचा दांडा तर तापतोही भयंकर आणि फिरतोही त्याच तेलावर. त्यामुळे शहरात वापरली जाणारी अशी गाडी साडेसात-आठ हजारांना किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, करावी असं माझं आजही मत आहे. पाच हजारलाही कुणी केलं तर बिघडत काही नाही, फक्त बिलावरचं तेल आणि फिल्टर खरोखर घातले गेले पाहिजेत.

माझ्याकडे तसं होत नव्हतं. सप्टेंबर २०२२, एप्रिल २०२३, जानेवारी २०२४ अशा तीन सर्व्हिसिंग, प्रत्येकी १३,८०० रुपये. बिलावर '५डब्ल्यू-३० फुल्ली सिंथेटिक, ६ लिटर' आणि 'ऑइल फिल्टर ओरिजिनल'. मी सकाळी गाडी सोडायचो, संध्याकाळी धुऊनपुसून मिळायची. डिपस्टिकवर तेल मापात. आणखी काय बघणार?

आवाज सुरू झाल्यावर घाटात सोबत येणाऱ्या एका मित्राने मला भोसरीतल्या त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेलं. छोटं शेड, दोनच गाड्या मावतील एवढं. त्याने आवाज ऐकला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, फिल्टर कधी बदललाय?" मी बिल दाखवलं. त्याने बिलाकडे पाहिलंही नाही. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, ३२ चा सॉकेट घेतला. या इंजिनाचा फिल्टर वरूनच निघतो, गाडी उचलावीही लागत नाही. त्याने काळं टोपण थोडं सैल केलं, आतलं तेल खाली उतरू दिलं आणि मग टोपणासकट फिल्टर बाहेर काढला.

तो फिल्टर मी हातात घेतला. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटून एका बाजूला दबल्या होत्या, कागद डांबरासारखा काळा. टोपणाचं रबर नखाने दाबलं तर दबेना. गोल असायला हवं ते चपटं आणि कडक झालं होतं. मेकॅनिकने टोकाचं प्लास्टिक फडक्याने पुसून मला वाचायला दिलं. छापलेलं वर्ष होतं २०२१. "सर, हा बदललेलाच नाहीये."

मी फोनमधला जानेवारी २०२२ चा फोटो शोधला. बॅच नंबर तोच. तीन बिलं भरून मी तोच फिल्टर १८ हजार किलोमीटर चालवला होता. फिल्टर इतका तुंबला की बायपास, म्हणजे फिल्टर टाळून जाणारी वाट, उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट इंजिनात फिरू लागतं. इंजिनातल्या टायमिंग चेनचा ताण तेलाच्या दाबावर राखला जातो, म्हणून पहिला आवाज तिथून आला.

आतलं तेल मी एका प्रयोगशाळेत तपासायला दिलं. अहवालात १०० अंश सेल्सिअसला घट्टपणा १४.३ आला. ५डब्ल्यू-३० सारख्या ३० ग्रेडच्या तेलाचा तो ९.३ ते १२.५ च्या मध्ये असायला हवा. कॅल्शियमही जास्त होतं. या गाडीला चालणारं, स्कोडा ज्या गटात येते त्या फोक्सवॅगनच्या ५०४ ०० अप्रूव्हलचं (मान्यतेचं) तेल कमी राखेचं असतं, त्यात एवढं कॅल्शियम नसतं. तपासणाऱ्या बाईंनी सरळ सांगितलं की हे ट्रकच्या डिझेल इंजिनात घालतात तसल्या तेलाशी जुळतंय. म्हणजे ड्रममधलं सुटं तेल.

मी फिल्टर आणि अहवाल घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालक आधी म्हणाले, "साहेब, जुना स्टॉक असेल, म्हणून २०२१." मी फोटो दाखवला. मग म्हणाले, पोराने चूक केली असेल. तीन वेळा? त्यावर उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने आत बोलावून दोन बिलांचे पैसे रोख द्यायला तयार झाले, फक्त लेखी काही मागू नका म्हणाले. मी घेतले नाहीत. चेन ताणून धरणारा टेन्शनर, गास्केट आणि आतली साफसफाई यावर माझे ६२ हजार गेले होते, आणि तोवर दुसऱ्या कुणाच्या गाडीत काय चाललं असेल याचाही विचार डोक्यात होता.

तुमची अशी गाडी असेल तर एवढं नक्की करा. तेल भरताना समोर उभे राहा आणि डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. माझ्या इंजिनात सुमारे पावणेसहा लिटर बसतं, म्हणजे सहा लिटरचं बिल असेल तर तळाशी उरलेलं तेल घरी यायला हवं. मला ते एकदाही मिळालं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. डब्याच्या मागे तुमच्या कंपनीचा अप्रूव्हल नंबर स्पष्ट लिहिलेला बघा. 'अमुक दर्जाला अनुरूप' हे शब्द तेलवाला स्वतःच्या जबाबदारीवर लिहितो, 'अप्रूव्हल' गाडीच्या कंपनीने दिलेलं असतं, त्यामुळे दोन्ही सारखे समजू नका. फिल्टर अधिकृत पार्ट्स काउंटरवरून स्वतः आणा. बसवण्याआधी त्यावर मार्करने तारीख लिहून फोटो काढा आणि जुना फिल्टर पिशवीत घालून परत मागा. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे गाडी सोडू नका. तेल खालून काढतो म्हणाला तर गाडीखालच्या पत्र्याचे स्क्रू बघा, त्यांच्यावर जुनी माती तशीच असेल तर ते उघडलेलेच नाहीत. वरून सक्शनने काढतो म्हणाला तर निघालेलं तेल मापाच्या भांड्यात दाखवायला सांगा.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बिलं, फोटो, प्रयोगशाळेचा अहवाल, मेकॅनिकचं लेखी म्हणणं असं सगळं जोडलं आहे.

फिल्टर कपाटात सीलबंद पिशवीत आहे, त्या कडक झालेल्या रबरासकट. गेल्या रविवारी त्याच गॅरेजमध्ये जाणारे एक ओळखीचे गृहस्थ माझं ऐकून स्वतःच्या सुपर्बचं टोपण उघडून बसले. आत निघालेल्या फिल्टरवर २०२० छापलं होतं, आणि त्यांच्याकडे त्याच गॅरेजची चार बिलं आहेत. आता अर्ज दोन झाले आहेत.