पोलो जीटीसाठी आयबाख प्रो-किट: मागचं काम सोपं, कस लागतो पुढे

चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय थोडी खाली बसवायची असेल, तर आयबाख या जर्मन कंपनीचा प्रो-किट, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा संच, घ्यावा. गाडी साधारण 30 मिमी खाली येते. मूळ ग्राउंड क्लिअरन्स 165 मिमी, त्यामुळे एकट्यादुकट्याने फिरताना बहुतेक गतिरोधक सांभाळून पार होतात. चौघे बसले की इंजिनखालचा गार्ड घासणार, हे धरूनच चाला. 40 मिमीच्या स्वस्त स्प्रिंगा फोटोत देखण्या दिसतात, पण मूळ शॉकअपवर खड्ड्याखड्ड्याला बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या रबरावर, आपटतात.

मागवताना पुढच्या अॅक्सलच्या वजनाशी स्प्रिंगचा कोड जुळवा. डिझेल इंजिन जड असतं. त्याच्या स्प्रिंगा टीएसआयसारख्या पेट्रोल गाडीला लावल्या तर पुढची बाजू उंचच राहते. पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, म्हणजे शॉकअप आता जुने झालेले असणार. तेलाने ओले दिसले तर तेही याच वेळी बदला.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं अवजार, लागत नाही. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून मागची बाजू स्टँडवर घ्या, बीमखाली जॅक टेकवा आणि दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. एकाच बाजूचा काढला तर बीम पुरेसा उतरत नाही. जॅक हळूहळू सोडताना ब्रेकची नळी आणि एबीएसच्या वायरवर लक्ष ठेवा. स्प्रिंग हाताने निघते. रबरी सीट फाटलेली नसेल तर तीच चालते. शॉकअपचे बोल्ट मात्र बीम जॅकने वर घेऊन, गाडीच्या नेहमीच्या उंचीला आल्यावरच पक्के करा. लोंबत्या बीमवर आवळले तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढे दोन्ही चाकं एकदम उचला, नाहीतर अँटिरोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी सळई) ताणलेला राहतो आणि त्याला स्ट्रटशी जोडणारी ड्रॉप लिंक सुटत नाही. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, खाचेत एका बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट निघाला तरी स्ट्रट हलत नाही. खाच फाकवायला स्प्रेडर सॉकेट लागतं. त्यात छिन्नी ठोकू नका. किनाऱ्याकडच्या गाड्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हब सुटला की बाहेर लोंबू देऊ नका, तारेने बांधा. नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट उखडतो.

खरा धोका स्ट्रटवरची जुनी स्प्रिंग उतरवताना असतो. कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि स्प्रिंग सीटवर सैल झाल्याशिवाय वरच्या नटाला हात लावू नका. रॉड अॅलन कीने धरून नट साध्या पान्याने सोडवा. इम्पॅक्ट गनने रॉड फिरतो आणि शॉकअपचं सील जातं. वरचा माउंट आणि बेअरिंग नवीनच घाला, कारण त्यासाठी पुढे हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. नव्या स्प्रिंगवरचा नंबर सुलटा वाचता आला पाहिजे आणि खालचं टोक सीटच्या पायरीला टेकलं पाहिजे. न टेकल्यास स्टीअरिंग पूर्ण वळवताना ‘टण्ण’ असा आवाज येतो. बंप स्टॉप कापायचा की नाही ते किटमधल्या कागदावर पाहा. अंदाजाने कापू नका.

अँगलने, म्हणजे ठरावीक जोरानंतर आणखी काही अंश फिरवून, आवळायचे बोल्ट ताणले जातात, ते पुन्हा वापरू नका. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन-मीटर.

नंतर अलाइनमेंट हवंच. टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला असतो, तसाच राहिला तर टायरची आतली कड झिजते. कॅम्बरही (चाकाचा उभा कल) थोडा निगेटिव्हकडे जातो, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकतो, पण या गाडीत तो फारसा बदलता येत नाही. 30 मिमीला तेवढं चालतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच उचलून धरलं. विमा कंपनीही यावर बोट ठेवू शकते, म्हणून मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका.