अ‍ॅमेझॉन एस-थ्रीचे मल्टिपार्ट अपलोड: मोठ्या फाइलींसाठी खात्रीची सोय

आमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनवर मोठे व्हिडिओ अर्ध्यातच अडकत होते. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपेक्षा मोठी विनंती ४१३ त्रुटी देऊन नाकारतो, हे कळल्यावर ती मर्यादा वाढवली, तरी संथ इंटरनेट असलेल्या वापरकर्त्यांची अडचण कायम राहिली. ती सुटली अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवण सेवेतील मल्टिपार्ट अपलोडमुळे, म्हणजे मोठी फाइल तुकड्यांत पाठवण्याच्या सोयीमुळे. यात ब्राउझर प्रीसाइन्ड यूआरएल (ठरावीक वेळेपुरती परवानगी असलेला दुवा) वापरून फाइलचे तुकडे आमच्या सर्व्हरवर न आणता थेट एस-थ्रीकडे पाठवतो आणि एखादा तुकडा पोहोचला नाही, तर तेवढाच पुन्हा पाठवावा लागतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. शेवटचा वगळता प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा हवा. मात्र अर्धवट राहिलेल्या तुकड्यांच्या साठवणुकीचेही पैसे लागतात, म्हणून ते ठरावीक दिवसांनी काढून टाकणारा लाइफसायकल नियम सुरुवातीलाच लावावा.