बंगळूरहून बेळगाव: रात्रीची रेल्वे की स्लीपर बस?
नोकरीनिमित्त बंगळूरला असलेल्या आपल्या बेळगाव-खानापूरच्या मंडळींनी सोबत आई-बाबा असतील तर रेल्वेच धरावी. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री निघून हुबळी, धारवाड, लोंढामार्गे सकाळी बेळगावात सोडते. मधुमेहामुळे आईला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. डब्यातच शौचालय असल्यानं ती निर्धास्त पाणी पिते. बसनं जायचं म्हटलं की दुपारपासूनच पाणी टाळायची, मग सकाळी डोकं जड आणि लघवीला जळजळ. पायांना सूज येणाऱ्यांनाही डब्यात चार पावलं चालता येतं. खालचा बर्थ मात्र तिकीट काढतानाच मागा. ४५ वर्षांवरील बायकांना आणि साठीच्या पुरुषांना त्यासाठी वेगळा कोटा आहे.

बस राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून येते, तिकीट ऐनवेळी मिळतं. एकट्या तरुणाला ठीक. गोळ्यांची पिशवी तेवढी डिकीत टाकू नका.