व्हॅक्यूम फ्रेम वापरून आठ महिने झाले

फेब्रुवारीत बीडच्या एका छापखान्यातून जुनी व्हॅक्यूम फ्रेम उचलली. काच आणि रबराची चादर यांच्यामधली हवा पंपाने ओढून ती निगेटिव्ह कागदावर घट्ट दाबून धरते. छपाईच्या प्लेटा आता थेट कॉम्प्युटरवरून निघतात, म्हणून ही फ्रेम कोपऱ्यात धूळ खात पडली होती. रबराची चादर चिरलेली होती, ती बदलली. पंप मात्र ठणठणीत.

उन्हाळाभर वाटत होतं, उगाच पैसे घातले. गच्चीवर उन्हात ए-फोर सायनोटाइप (लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर निगेटिव्ह ठेवून उजेडाने काढलेली निळी प्रिंट) करताना मागून स्प्रिंगने दाबणारी लाकडी फ्रेम आणि ही, यांत मला फरकच सापडेना. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश दिसतो. किरणं जवळजवळ एकाच दिशेने येतात, त्यामुळे निगेटिव्ह आणि कागदात केसभर फट राहिली तरी रेघ पसरत नाही. फक्त उन्हात आणि लहान प्रिंटा करणार असाल तर ही फ्रेम घेऊच नका.

जूनमध्ये आभाळ भरलं आणि मी यूव्ही (अतिनील) ट्यूबच्या पेटीवर आलो. बीबी का मकबऱ्याच्या जाळीची ए-थ्री प्रिंट, लाकडी फ्रेममध्येच. कडेची जाळी कोरल्यासारखी आणि मधोमध पाच रुपयांच्या नाण्याएवढा भाग पाण्यातून बघावा तसा. ट्यूबचा उजेड चहूबाजूंनी येतो, तिथे तीच केसभर फट नडते. व्हॅक्यूमच्या गेजवर (दाबमापकावर) पाऱ्याचे ५०० मिमी आलं की चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६८ किलो दाब पडतो. ए-थ्रीवर मिळून साडेआठशे किलोच्या आसपास, आणि सगळीकडे सारखा. स्प्रिंगला हे कसं जमणार? तेच निगेटिव्ह व्हॅक्यूममध्ये लावलं, तेव्हा छिद्रा-छिद्राची कड सुटी दिसली. ती ओली प्रिंट धरून मी बराच वेळ उभा होतो.

काटा ५०० वर गेला तरी मधली हवा निघालेली असतेच असं नाही. कागदाच्या कडेपासून नळीच्या तोंडापर्यंत जाड सुती दोरा ठेवतो, म्हणजे हवेला वाट मिळते; पंप दोन मिनिटं चालल्यावरच ट्यूब लावतो. लेप पुरता वाळलेला हवा. श्रावणात घाई केली आणि निगेटिव्हवर निळे डाग पडले ते कायमचे.

काच खिडकीचीच, साधी ५ मिमीची. दुकानदाराने मजबूत म्हणून आधी लॅमिनेटेड दिली होती. अर्ध्या तासानेही कागद पिवळाच. त्या काचेतला प्लॅस्टिकचा थर आपल्याला हवा तोच उजेड अडवतो. आणि आपल्याकडची धूळ! वाळूचा एक कण आत राहिला, पंप लावताच कट् आवाज झाला आणि काचेला चांदणीसारखी चीर गेली. आता दर वेळी काच आणि रबर दोन्ही तळहाताने चाचपतो.

लाइट गेली की दाब सुटायचा आणि निगेटिव्ह सरकायचं. पंपाच्या नळीला एकेरी व्हॉल्व्ह बसवून घेतलाय, आता काटा दहा मिनिटं तरी हलत नाही.