ड्रेसिंगचं ज्ञान वॉर्डभर पोचवायचं तर: खाटेपाशी, वर्गात की व्हॉट्सॲपवर?

जखमेबद्दल अनुभवी सिस्टरला जे कळतं ते मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट अशा तिन्ही ड्युट्यांना कळावं, यासाठी इन्चार्ज सिस्टरपुढे साधारण तीन पर्याय असतात: दोघींनी मिळून ड्रेसिंग करणं, महिन्याचा क्लास, किंवा फोटोंचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिन्ही एकदम सुरू केले तर एकही धड चालत नाही. माझा कौल खाटेपाशी शिकवण्याला आहे.

माकडहाडावरचा बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून झालेली जखम, वरून रुपयाएवढा दिसतो. निर्जंतुक स्वॅब कडेखाली हलक्या हाताने सरकवला की आतली पोकळी लागते. ती कुठल्या दिशेला किती खोल आहे, हे घड्याळाप्रमाणे लिहायचं: डोक्याकडे बारा, पायांकडे सहा. हे एकदा हाताने केलं की विसरायला होत नाही. वासाचंही तसंच. जुनं ड्रेसिंग काढल्याबरोबर येणाऱ्या वासावरून इन्फेक्शन ठरवायचं नाही. सलाईनने जखम धुवून मग वास बघायचा. आणि पिवळं दिसेल ते सगळं स्लफ, म्हणजे जखमेतला मेलेला थर, नसतं. पायावर तो उघडा पडलेला स्नायूबंध (टेंडन) असू शकतो. चिमट्याने ओढण्याआधी शेजारी जाणती सिस्टर हवी ती इथे.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तर डोळ्यांपेक्षा बोटं कामाची. बेडसोरच्या पहिल्या पायरीला पुस्तकात लाली लिहिलेली असते. ती अशा कातडीवर कित्येकदा दिसतच नाही. आजूबाजूच्या भागापेक्षा तिथे गरम किंवा गार लागतं का, कडक किंवा लिबलिबीत लागतं का, रुग्णाला दुखतं का, हे हात लावून आणि विचारूनच कळतं.

मधुमेही पायाच्या जखमेत तळव्याबरोबर चप्पलही उलटून बघा. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं की बधिर पायावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबामुळे या जखमा होतात आणि चिघळतात. मधुमेहात बधिर झालेल्या पायालाही हेच लागू आहे. दाब हटवला नाही तर महागातलं ड्रेसिंगही वाया जातं. चप्पल कुठे झिजली आहे, हे ग्रुपवरच्या फोटोत कोणी पाठवत नाही.

या पद्धतीची अडचण खरी आहे. दोघी एका रुग्णापाशी अडकल्या तर बाकीचा वॉर्ड कोण बघणार? म्हणून रोज एकच जखम घ्यावी, सगळ्यात अवघड असेल ती. नाईटच्या स्टाफची पाळी ठरवून लावावी, नाहीतर ती कायम सुटते. नातेवाइकालाही जवळ उभं करावं, कारण घरी गेल्यावर ड्रेसिंग त्याच्याच हाती येणार.

फोटोंचा ग्रुप दोन ठिकाणी भारी ठरतो: काळ आणि अंतर. तीच जखम दर आठवड्याला त्याच अंतरावरून, तशाच उजेडात, शेजारी तारीख लिहिलेली कागदी पट्टी ठेवून टिपली, तर कड आत सरकते आहे की नाही ते स्पष्ट दिसतं. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्या असलेल्या सिस्टरला पायाचं काळं पडलेलं बोट लगेच वर दाखवता येतं, रुग्णाला पुढे पाठवण्याची घाई करता येते. पण नुसत्या फोटोवर ‘बेटाडिन लावा’ असं उत्तर देणं मला धोक्याचं वाटतं. लालबुंद, भरत आलेल्या जखमेवर रोज बेटाडिन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं तर नव्या पेशींनाच इजा होते. लांबी-रुंदी-खोली, स्राव, ताप आणि साखर लिहिल्याशिवाय फोटो टाकायचा नाही, असा नियम पहिल्या दिवसापासून हवा. रुग्णाची लेखी संमती घ्यावी, चेहरा आणि नाव येऊ देऊ नये, फोटो कोणाच्या खासगी गॅलरीत राहू नये. जखमेचा फोटो ही रुग्णाची खासगी बाब आहे. ड्युटी संपली म्हणून ती आपली होत नाही.

क्लासबद्दल थोडक्यात. स्टाफ बदलला की एकदा घ्यावा, तोही सगळ्यांची भाषा एक व्हावी म्हणून. रजिस्टरमध्ये ‘जखम बरी’ लिहिण्याऐवजी ‘4 × 3 × 1 सेंमी, तळ लाल, स्राव कमी’ असं लिहायला तिथे शिकवता येतं. बेडसोरचा धोका मोजणारा ब्रॅडन स्केलही तिथेच समजवावा: सहा बाबी, 6 ते 23 गुण, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. नवीन मुली हे हमखास उलटं वाचतात. जखम उघडी टाकून सुकवायची, ही जुनी समजूत काढायलाही क्लास बरा. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर धरते. मात्र कोरड्या, घट्ट बसलेल्या टाचेच्या काळ्या खपलीला हा नियम लावायचा नाही, हे त्याच तासात सांगावं.

तर भरलेला वॉर्ड आणि नवा स्टाफ असेल तर खाटेपासून सुरुवात करा. उपकेंद्रात किंवा घरोघरी जाऊन एकटीने ड्रेसिंग करत असाल तर ग्रुप आधी, पण त्यात उत्तर देणारी जबाबदार व्यक्ती ठरलेली असू द्या आणि ती रजेवर असताना कोण, हेही. दिलेला सल्ला त्याच दिवशी रुग्णाच्या केसपेपरवर उतरवून घ्या, म्हणजे पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना, म्हणजे रुग्ण सोपवताना, तो सांगता येईल.