आयर्न क्रॉस तपासायची हत्यारं: भिंग, कॅलिपर, चुंबक आणि यूव्ही टॉर्च

जर्मन पदकं जमवायला लागलेले बरेच जण सुरुवात करतात ती 1914 च्या दुसऱ्या वर्गाच्या आयर्न क्रॉसने. पहिल्या महायुद्धात हा क्रॉस लाखोंनी दिला गेला. त्यामुळे अस्सल नग आजही विकायला येतात आणि नकलाही तितक्याच येतात. म्हणून बाजारातली तपासणीची साधनं याच पदकावर पारखलेली बरी.

आधी पदकाची बांधणी समजून घ्या. मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या चौकटीचे दोन अर्ध असतात आणि ते कडेला डाख देऊन जोडलेले असतात. पुढच्या बाजूला मुकुट, डब्ल्यू आणि 1914. मागे मुकुट, एफडब्ल्यू, ओकची तीन पानं आणि 1813. तीन तुकडे बनवून नीट जोडणं महाग पडतं, म्हणून स्वस्त नकला बहुतेक एकसंध ओतलेल्या असतात.

एकच साधन घेणार असाल तर बेलोमोचं 10 पट ट्रिप्लेट भिंग घ्या. ते बेलारूसमध्ये बनतं, काच 21 मिलिमीटरची. तीन भिंगं एकत्र चिकटवलेली असल्यामुळे कडेला रंगीत झालर दिसत नाही आणि रेषा वाकत नाहीत. 30 पट, 60 पट असं लिहिलेली दिवेवाली स्वस्त भिंगं घेऊ नका. त्यांतून दिसतो तो भाग इतका लहान असतो की चौकटीच्या किनारीवरच्या एका मण्याची शेजारच्या मण्याशी तुलनाच होत नाही. शिवाय त्यांचा दिवा समोरून पडतो, आणि समोरच्या उजेडात उठाव सपाट दिसतो. बेलोमो पदकापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं, त्यामुळे बाजूने तिरका उजेड टाकायला जागा राहते. भिंग डोळ्याला टेकवा आणि पदक जवळ आणा. उलटं करू नका.

चौकटीच्या आतल्या बाजूची मणीदार किनार पहिल्यांदा बघा. ठशाने ठोकलेल्या चौकटीत प्रत्येक मणी सुटा दिसतो, अगदी आतल्या कोपऱ्यांतही. ओतीव नकलेत कोपऱ्यातले मणी एकमेकांत मिसळतात आणि सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. मग क्रॉस आडवा धरून कड बघा. जोडाची केसाएवढी रेघ आणि तिच्यावर कानशीच्या खुणा दिसल्या तर चांगलं लक्षण. रेघच नसेल तर नग बाजूला ठेवा. (पहिल्या वर्गाचे काही अस्सल क्रॉस एकसंध आहेत, तिथे ही कसोटी लावू नका.) फीत ओवायच्या कडीवरची कारागिराची खूणही भिंगाखालीच वाचायची. के ओ ही बर्लिनच्या राजेशाही टांकसाळीची, 800 हा चांदीचा कस. ठोकलेल्या अक्षराचा तळ गुळगुळीत असतो आणि धातू बाजूला सरकलेला कळतो. लेझरने कोरलेल्या अक्षराच्या तळाशी समांतर रेघा किंवा खरखर दिसते. खूण नसणं हा मात्र दोष नाही, बिनखुणेचे अस्सल क्रॉस पुष्कळ आहेत.

गंजाकडे घाईने बघू नका. खरा गंज गाभा आणि चौकट यांच्या फटीतून येतो आणि काळ्या रंगाला खालून उचलतो. आम्ल लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा नारिंगी असतो आणि चांदीच्या खाचांतही उतरलेला असतो.

मापासाठी मिटुटोयोचा 150 मिलिमीटरचा डिजिटल कॅलिपर. 0.01 पर्यंत वाचतो आणि अचूकता 0.02 ची, या कामाला भरपूर. त्याचे पोलादी जबडे काळ्या रंगावर ओरखडे काढतात. दोन्ही जबड्यांना कागदी चिकटपट्टी लावा आणि ती लावल्यानंतर शून्य करा, नाहीतर पट्टीची जाडी मापात धरली जाईल. 1914 चा दुसरा वर्ग साधारण 42 मिलिमीटर रुंद, 1939 चा (दुसऱ्या महायुद्धातला) 44 च्या आसपास. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते. टक्काभर आकसली तरी 42 मध्ये 0.4 मिलिमीटरचा फरक पडतो. पण वेगवेगळ्या कारागिरांच्या अस्सल नगांतही एवढा फरक असतो. म्हणून एकूण रुंदीवर निकाल देऊ नका. आकड्यांची उंची आणि मुकुटाची रुंदी मोजा, आणि त्याच कारागिराच्या खात्रीच्या नगाशी ताडून बघा.

चुंबक लहान घ्या, मोठ्या चुंबकाला नेमका कोणता भाग ओढला जातोय ते कळत नाही. गाभा चिकटला पाहिजे, चौकट नाही. जस्ताची नक्कल इथेच पकडली जाते. लोखंडी गाभ्याची चांगली नक्कल मात्र चुंबकाला बिनतक्रार चिकटते. 0.01 ग्रॅमचा वजनकाटा असेल तर वापरा, मुद्दाम घेऊ नका. अस्सल नगांची वजनं एकमेकांपासून बरीच वेगळी असतात.

यूव्ही टॉर्चच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात. स्वस्त टॉर्च 395 नॅनोमीटरचे असतात. त्यांचा जांभळा उजेड फितीवर पसरतो आणि धाग्याची स्वतःची चमक त्यात बुडते. 365 चाच घ्या, आणि काळी गाळणी बसवलेला. कॉन्व्हॉय एस2+ यासाठी उत्तम आहे. 18650 या मापाची रिचार्जेबल बॅटरी लागते. खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा ठेवा आणि फीत आधी मऊ ब्रशने झटका, कारण नव्या कपड्याचे सुटलेले तंतू निळे चमकतात. कापडात चमक आणणारी रसायनं सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणून निळसर पांढरी चमकणारी फीत किंवा शिवणीचा दोरा संशयास्पद. तरी जुनी फीत आजच्या पावडरीत धुतली असेल तर तीही चमकेल, आणि न चमकणारा नवा धागा नकलाकाराला सहज मिळतो. शिवाय अस्सल क्रॉसला नवी फीत ओवलेली असू शकते, त्यावरून क्रॉस नापास होत नाही. पिनवाल्या पदकात पिनेच्या बुडाशी चमक दिसली तर बहुधा नवा गोंद, म्हणजे दुरुस्ती.

ही चारही साधनं एका जागी हतबल होतात: मूळ ठशांवरूनच युद्धानंतर काढलेले नग. आपल्याकडच्या संग्राहकांना याचा फटका आझाद हिंदच्या पदकांत बसतो. सुभाषबाबूंनी जर्मनीत 1942 मध्ये सुरू केलेली ही पदकं व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवालने बनवली, आणि सूवालची युद्धानंतरची निर्मितीही बाजारात आहे. ठसा तोच असल्याने माप जुळतं, मणी आणि उठावही जुळतात. तिथे धातू, पिनेची बिजागरी, पीन अडकवायचा आकडा (हुक) आणि मुलामा यांचीच तुलना करावी लागते, तीही खात्रीचा नग शेजारी ठेवून. तो हाताशी नसेल तर आझाद हिंदचं पदक अस्सल म्हणून मागितलेल्या किमतीला घेऊ नका.